सेनापतीची दुसरी पलटण

बालमित्रांनो, “मोठेपणी कोण होणार?” असं विचारलं की आपल्या छत्रपती संभाजीनगरातली बरीच मुलं छाती पुढे काढून सांगतात, “सैन्यात अधिकारी!” त्यात नवल नाही. दहावीनंतरच्या मुलांना एन.डी.ए.साठी तयार करणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ सालापासून आपल्याच शहरात आहे.

पण सैनिकाची वर्दी एक ना एक दिवस उतरतेच. मग त्यानं काय करायचं? आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांना हा प्रश्न ऐन चाळिशीत पडला. मुंबईत मंत्रालयाशेजारच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे : जनरल जगन्नाथराव भोसले.

कोकणातून सँडहर्स्टला

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ सालचा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. त्या काळी आपल्याकडची माणसं फौजेत शिपाई, हवालदार, सुभेदार होत. मोठा अधिकारी मात्र बहुतेक गोराच असायचा. हिंदी मुलांनाही अधिकारी होता यावं म्हणून १९२२ साली डेहराडूनला एक सैनिकी विद्यालय निघालं. जगन्नाथराव तिथं शिकले आणि पुढे थेट इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या प्रसिद्ध सैनिकी महाविद्यालयात गेले. परतल्यावर ते मराठा पलटणीत अधिकारी झाले. (डेहराडूनचं ते विद्यालय आजही आहे. २०२२ पासून तिथं मुलींनाही प्रवेश मिळतो बरं का!)

शपथ कुणाशी?

दुसरं महायुद्ध पेटलं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि इंग्रज सेनापतीनं जपान्यांपुढे शरणागती पत्करली. दोनच दिवसांनी तिथल्या फेरर पार्क मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना जपान्यांच्या हवाली करण्यात आलं. लेफ्टनंट कर्नल भोसलेही सिंगापुरात युद्धकैदी झाले.

आता विचार करा. ज्या सरकारशी इमान राखण्याची शपथ घेतली, तेच आपल्याला शत्रूच्या ताब्यात देऊन मोकळं झालेलं. समोर दोन वाटा. एक, शपथ पाळून छावणीत हाल सोसायचे. दुसरी, इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी उभ्या राहणाऱ्या आझाद हिंद सेनेत जायचं. दुसऱ्या वाटेनं गेलं आणि इंग्रज जिंकले, तर राजद्रोहाचा खटला ठरलेला! हजारो जण आझाद हिंद सेनेत गेले, हजारो जण गेले नाहीत. कैदेत राहिलेल्यांनीही फार सोसलं. तेव्हा एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा ठरवण्याची घाई आपण करू नये.

जगन्नाथरावांनी दुसरी वाट धरली. कॅप्टन मोहनसिंग यांनी उभारलेली पहिली आझाद हिंद सेना जपान्यांशी न पटल्यामुळे १९४२च्या अखेरीस विस्कटली. ती पुन्हा सावरण्यासाठी जे लष्करी कार्यालय नेमलं गेलं, त्याचे प्रमुख होते जगन्नाथराव. जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले, तेव्हा त्यांच्या हाती एक उभी सेना आली. नेताजी सरसेनापती झाले, तर जगन्नाथराव सेनेच्या मुख्यालयाचे प्रमुख. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं. त्याच्या मंत्रिमंडळातही आपले हे कोकणी सेनानी होते.

वर्दी गेली, काम उरलं

युद्धात जपान हरला आणि आझाद हिंद सेनेचे अधिकारी इंग्रजांचे कैदी झाले. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सेहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला चालला. सारा देश त्यांच्या बाजूनं उठला, म्हणून सरकारला त्यांना सोडावं लागलं.

पुढे १९४७ साली स्वातंत्र्य आलं. ज्यासाठी जिवावर उदार झाले, ते मिळालं. पण आझाद हिंद सेनेतल्या सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतलं गेलं नाही. ऐन उमेदीचा सेनापती, आणि हाताशी पलटणच नाही! मनाला किती लागलं असेल!

जगन्नाथराव रुसून घरी बसले नाहीत. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. पंडित नेहरूंच्या सरकारात त्यांना उपमंत्रिपद मिळालं. खातं होतं पुनर्वसनाचं, म्हणजे फाळणीत घरदार गमावून आलेल्या लाखो निर्वासितांना पुन्हा उभं करण्याचं.

या निर्वासितांत मुलंही होती. कुणाचे वडील गेले, कुणाचं गाव सुटलं. शाळा बुडाली, उद्याचा भरवसा नाही. अशी मुलं उनाड होतात, चिडखोर होतात. “वाया गेलेली कार्टी!” असं म्हणून हात झटकणं सोपं असतं. जगन्नाथरावांना मात्र त्यांच्यात पलटण दिसली.

जुलै १९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगर भागातल्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत त्यांनी एक योजना सुरू केली. नाव ठेवलं ‘राष्ट्रीय शिस्त योजना’. त्यात कवायत होती, व्यायाम होता, सर्वांनी मिळून गाणी म्हणणं होतं आणि देशाच्या, थोरांच्या गोष्टी होत्या. बंदूक मात्र नव्हती! पुढे ही योजना इतर अनेक शाळांतही गेली. ती शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी राजस्थानात सरिस्का इथं प्रशिक्षण संस्था निघाली.

शाळांमध्ये तेव्हा एन.सी.सी., स्काउट, शारीरिक शिक्षण असं बरंच काही एकदम चालू होतं. सरकारनं १९५९ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली आणि पुढे या साऱ्याचा मेळ घालताना शिस्त योजनेचं वेगळं नाव राहिलं नाही. ते पाहायला जगन्नाथराव नव्हते. १९६३ साली त्यांचं निधन झालं होतं.

आपण काय घ्यायचं?

आई-बाबांनीही हे जरूर वाचावं. शिस्त म्हटलं की आपल्याला छडी आठवते, वटारलेले डोळे आठवतात. पण ज्यांचं सगळं हरवलं होतं, त्या मुलांना छडीचा काय उपयोग? त्यांना हवी होती रोजची ठरलेली वेळ, शेजारी पाऊल जुळवणारा सोबती आणि आपणही कुणीतरी आहोत ही जाणीव. एका सेनापतीला हे कळलं होतं.

तेव्हा मित्रांनो, सैन्यात जा, जरूर जा! नाही जमलं, निवड नाही झाली, किंवा मनासारखं पद नाही मिळालं, तर जगन्नाथराव आठवा. हक्काची पलटण गेली म्हणून ते थांबले नाहीत. कामाची जिथं गरज होती, तिथं त्यांनी दुसरी उभी केली. आणि मुंबईला गेलात, तर मंत्रालयाजवळची ती पाटी वाचायला विसरू नका हं!