केमच्या कुंकवाची डबी आणि पुण्यातून सुटलेला फॉन्ट

दौंड–कुर्डुवाडी लोहमार्गावरचं केम कुंकवासाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. करमाळा तालुक्यातल्या या गावी जाणारा शहाणा माणूस कुंकवाचा रंग पारखतो. प्रस्तुत लेखकासारखा अक्षरवेडा मात्र डबीवरचं लेबल उलटसुलट करून रफार कुठल्या फॉन्टचा आहे ते बघत बसतो. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक किंमत शोधतंय.

समजा, असं एखादं लेबल डीटीपीवाल्याने ‘लोहित देवनागरी’ या फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये जुळवलं आणि पीडीएफ करून सोलापूरच्या छापखान्याला धाडलं. कागदावर उमटलेल्या अक्षरांपाशी परवान्याचं काही चालत नाही. पण पीडीएफच्या पोटात फॉन्टचा तुकडाही गेलेला असतो. फॉन्ट म्हणजे नुसती चित्रं नव्हेत. जोडाक्षर कसं सांधायचं, रफार कुठे बसवायचा याच्या सूचना असलेलं ते सॉफ्टवेअरच. मग फॉन्टचा परवाना त्या पीडीएफलाही लागू होतो का? कुंकवाच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न स्वप्नातही पडणार नाही. वकिलांना मात्र पडला.

लोहितचं मूळ पुण्यात आहे. मॉड्युलर इन्फोटेक म्हटलं की जुन्या डीटीपीवाल्यांना ‘श्रीलिपी’ आणि संगणकाला खोचल्याशिवाय ती चालू न देणारं तिचं डोंगल आठवतं. याच कंपनीकडून आलेले फॉन्ट रेड हॅटने ‘लोहित’ नावाने जीपीएल परवान्याखाली खुले केले. डोंगल विकणाऱ्या घरातून मोकळी अक्षरं बाहेर पडावीत, ही मराठी छपाईच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत गमतीची गोष्ट आहे, असं या लेखकाचं ठाम मत आहे. आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही, ही तक्रारही.

पण जीपीएल शिवला होता प्रोग्रॅमच्या मापाने. वाटायचं तर मूळ कोडही द्या, त्यातून नवं केलं तर तेही याच अटीवर द्या, असा त्याचा खाक्या. फॉन्टच्या अंगावर तो ढगळ पडला. दस्तऐवजात फॉन्ट गेला म्हणून तो दस्तऐवज जीपीएलखाली येत नाही, असं सांगणारं जादा कलम जीपीएलच्या कर्त्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सुचवलं होतं. मात्र ते हक्कधारकाने स्वतः जोडावं लागतं. अखेर सप्टेंबर 2011 मध्ये लोहित ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स 1.1’ वर आणला गेला. या परवान्याने शंकेला जागाच ठेवली नाही: फॉन्ट वापरून केलेला दस्तऐवज परवान्याच्या बाहेर. फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत विकता येतो, नुसता सुटा विकता येत नाही. बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली राहतो, आणि मूळ मालकाने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ याच परवान्याखाली दिले. आज कितीतरी मराठी संकेतस्थळं ‘मुक्त’मध्ये वाचली जातात.

बाकीचे परवाने थोडक्यात: एमआयटी म्हणतो, आमचं नाव आणि परवान्याची नोंद ठेवा, मग काय हवं ते करा. अपाची 2.0 त्याशिवाय पेटंटचाही हक्क स्पष्ट देतो. कंपन्यांना तो आवडतो तो यामुळेच.

खरी मेख परवाना बदलताना कळते. त्यासाठी हक्कधारकांची संमती लागते. व्हीएलसी प्लेअरच्या मंडळींनी 2011–12 मध्ये इंजिनाचा कोड जीपीएलवरून त्याहून सैल एलजीपीएलवर नेला, तेव्हा वर्षानुवर्षांच्या कोड लिहिणाऱ्यांना एकेक करून गाठावं लागलं. म्हणून अनेक कंपन्या बाहेरून कोड घेतानाच पुढे परवाना बदलण्याची मुभा देणारा लेखी करार करून घेतात. त्याचीही दुसरी बाजू आहे. हाशिकॉर्प कंपनीने आपलं ‘टेराफॉर्म’ हे सॉफ्टवेअर ऑगस्ट 2023 मध्ये खुल्या परवान्यातून काढून, वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, ते हातात असे करार होते म्हणूनच. नाराज मंडळींनी जुन्या कोडवरून ‘ओपनटोफू’ उभं केलं. सगळे हक्क कंपनीच्या झोळीत टाकणाऱ्या करारावर डोळे मिटून सही करू नये, असं या लेखकाला वाटतं. लिनक्सची रीत जास्त सरळ. आपला कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप करत एससीओ कंपनीने 2003 मध्ये आयबीएमवर खटला भरल्यावर, 2004 पासून कोड पाठवणारा ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ एवढंच नावानिशी लिहून देतो. हक्क ज्याचा त्याच्याकडेच.

पण हक्क असतो कुणाचा? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींत मोडतो. म्हणजे हिंजवडीतला प्रोग्रॅमर कायद्याच्या नजरेत साहित्यिकच, फक्त मानधनाच्या जागी पगार घेणारा. कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची मालक कंपनी. कर्मचाऱ्याने कंपनीला न विचारता तो खुल्या प्रकल्पात टाकला, तर त्या परवान्याला पायाच नाही. कलम 19 तर आणखी बारीक आहे: हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कलम 30अ मुळे हेच परवान्यांनाही लागू होतं. त्यामुळे परदेशी नमुन्यावरून उचललेल्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द गळलेले नाहीत ना, हे पुण्या-मुंबईच्या कंपनीने आधी तपासावं.

हक्क आपलेच असले की परवाना विचारपूर्वक निवडता येतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीने पायाचं फ्रापे फ्रेमवर्क एमआयटीखाली दिलं, आणि त्यावर उभारलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएल 3 खाली. पायावर कुणीही काहीही बांधावं, अगदी बंद सॉफ्टवेअरसुद्धा. पण धंद्याचा हिशेब, साठा सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट बदलून जो पुढे वाटेल, त्याने ते बदलही त्याच अटीवर खुले करावेत.