काठाचा अभ्रा

उशीवर चढविण्याच्या कापडी खोळीस मराठीत 'अभ्रा' असा सुटसुटीत शब्द आहे. 'अभ्रा' आणि 'अस्तर' ही फारसीतून आपल्याकडे आलेली जोडी. बाहेरचे कापड ते अभ्रा व आतले ते अस्तर. हल्ली घरोघरी 'कुशन कव्हर' म्हणतात, म्हणोत बापडे. काठ, गोट अथवा झालर लावलेला शोभिवंत अभ्रा घरच्या घरी कसा शिवावा, आणि शिवताना फसगत नेमकी कोठे होते, एवढेच आम्हांस ह्या लेखात सांगावयाचे आहे. फसगतीविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो, कारण ती आमची स्वतःची झालेली आहे.

आमच्या आजीचे एक जुने नऊवारी लुगडे होते. त्याचा बराचसा भाग पूर्वीच एका गोधडीत गेला होता. उरलेल्या तुकड्याचे अंग विरलेले, पण काठ मात्र जसाचा तसा. आपल्याकडील लुगड्यांचे हे नेहमीचेच आहे; काठात सूत दाट भरलेले असते, म्हणून अंग फाटले तरी काठ उरतो. मरोळ-चकाल्याच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन घरांत, वेसाव्याच्या कोळीवाड्यात, किंवा घाटावरून व कोकणातून येऊन घाटकोपर-मुलुंडास स्थायिक झालेल्या कुटुंबांत एखादी जुनी पेटी उघडली, तर असे लुगडे बहुधा सापडावे. आजीने मोठ्या मिनतवारीने त्यास कात्री लावू दिली. काठ अडीच वार निघाला. आम्ही मांजरपाटाचा नवा कोरा तुकडा आणून त्यावर तो चौफेर शिवला. अभ्रा फारच सुरेख दिसू लागला, आणि पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटला. काठ कित्येक वर्षे धुतला गेलेला. तो आता काय आटणार? चारी बाजूंस काठाच्या लाटा उठल्या. आजीने तो अभ्रा हातात घेऊन एकदा उलटा, एकदा सुलटा करून पाहिला आणि काही न बोलता खाली ठेविला. ती रागावली असती तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

असे का झाले हे समजून घेण्याजोगे आहे. कापड विणताना ताण्याचे सूत मागावर ताणून धरलेले असते, आणि पुढे खळ देऊन व दाबून तो ताण तसाच थिजविला जातो. कापड पाण्यात पडले की खळ निघते, सूत फुगते, आणि इतके दिवस ओढून धरलेला धागा आपल्या मूळ जागी येतो. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट ह्या गृहस्थांनी १९३० च्या सुमारास कापड विक्रीपूर्वीच यंत्राने आटवून घेण्याची युक्ती काढली, व तिला त्यांच्या नावावरून 'सॅनफोराइज्ड' हे नाव मिळाले. परंतु साधा मांजरपाट, खादी किंवा हातमागाचे कापड घ्याल, तर हे काम आपल्यासच करावे लागते. नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी साबणाने धुऊन वाळवावे, इस्त्री करावी, आणि मगच कात्री हातात घ्यावी. विकतच्या सुती लेसचेही तेच; ती आणल्याबरोबर शिवावयास बसू नये.

दुसरी परीक्षा रंगाची. काठाचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरे फडके ठेवावे आणि कढत इस्त्री दाबावी. फडक्यास रंग लागला, तर तो काठ पांढऱ्या अभ्र्यास कदापि लावू नये. त्यास त्याच्याच रंगाच्या कापडाची सोबत द्यावी. मिठाच्या पाण्यात बुडविले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. पण मुळात कच्चा दिलेला रंग मिठाने पक्का झालेला आम्ही पाहिलेला नाही.

आता मापे. उशी १६ इंच चौरस आहे असे धरू. पुढील तुकडा १७ इंच चौरस कापावा, म्हणजे चारी बाजूंस अर्धा अर्धा इंच जादा राहतो. शिवणीत दडणाऱ्या ह्या जादा कापडास शिंपी 'माया' म्हणतात. ती कमी ठेवली की शिवण उसवते. मागील बाजूस एक तुकडा न ठेवता १७ इंच लांब व साडेअकरा इंच रुंद असे दोन ठेवावे. प्रत्येकाची एक लांब कड एक इंच दुमडून शिवली की दोन्ही तुकडे मध्यभागी एकमेकांवर चार इंच चढतात, आणि त्या फटीतून उशी आत-बाहेर करता येते. बटणे, बंद, चेन, काहीच लागत नाही. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल, तर अर्ध्या मीटरात तिन्ही तुकडे एका रांगेत बसतात.

काठ पुढील तुकड्यावर, मागची बाजू जोडण्यापूर्वीच शिवून घ्यावा. येथे एक बारकावा आहे. काठाची मूळ विणलेली किनार उशीच्या मध्याकडे ठेवावी आणि कात्रीने कापलेली कड बाहेर ठेवावी. ही कापलेली कड पुढे अभ्र्याच्या शिवणीत आपोआप दडते. ती निराळी दुमडण्याचे श्रम वाचतात व सुते सुटत नाहीत. कोपऱ्याशी काठ तोडू नये; तिरका दुमडून वळवावा, दुमड टाचणीने धरावी आणि कच्चे टाके घालून पाहावे. चारी दुमडी कोपऱ्यांत नीट बसल्या तरच टीप मारावी. एका अभ्र्यास सुमारे दोन वार काठ लागतो. नऊवारी लुगड्याचे दोन्ही काठ धड असतील, तर एका लुगड्यातून नऊ अभ्रे निघावेत! रेशमी काठ जीर्ण असेल, तर त्याखाली आधी मलमलीचे अस्तर टाचावे. जरीचा असेल, तर तो अभ्रा वारंवार धुण्याच्या उशीस लावूच नये. अस्सल जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली व सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती हवेने काळवंडते आणि चोळल्याने तुटते.

काठ नसेल तर दोरीचा गोट लावावा. हे काम पाहताना सोपे दिसते, पण ह्यातच नवशिक्यांचे हात अडखळतात. गोटाची पट्टी कापडाच्या उभ्या अथवा आडव्या धाग्यावर कापली, तर ती कोपऱ्यावर वळत नाही, सुरकुत्या धरते. म्हणून ती तिरकी, शिंप्यांच्या भाषेत 'उरेब', कापावयाची. रुमालाची समोरासमोरची दोन टोके धरून ओढून पाहा. तो जितका ताणला जातो, तितका कडेवर ओढल्यास ताणला जात नाही. ह्याच गुणामुळे उरेब पट्टी वळणावर नमते. १७ इंचांच्या चौरसातून कर्णाशी समांतर अशा दीड इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापून जोडल्या, म्हणजे एका अभ्र्याची बेगमी होते. पट्टीत दोरी ठेवून ती दुमडावी व दोरीलगत टीप मारावी. दोरीही सुती असेल तर आधी धुतलेली हवी. ती मागाहून आटली, तर गोट आखडून बसतो.

मग क्रम. पुढील तुकडा सुलटा, म्हणजे चांगली बाजू वर करून, मेजावर पसरावा. त्याच्या कडेवर गोट असा ठेवावा की दोरी आत, मध्याकडे, आणि पट्टीच्या मोकळ्या कडा तुकड्याच्या कडेशी जुळलेल्या. त्यावर मागील दोन तुकडे पालथे घालावे व चौफेर टीप मारावी. हे करताना सारे काही उलटे झाल्यासारखे वाटते आणि पुष्कळ मुले-मुली घाबरून गोट बाहेर काढून ठेवतात. मग अभ्रा उलटविल्यावर गोट आत जातो आणि बाहेर नुसत्या कडा दिसतात. कोपऱ्यांवरची माया तिरकी छाटली म्हणजे उलटविल्यावर टोके नीट निघतात.

झालरीस अभ्र्याच्या परिघाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १२८ इंच पट्टी लागते. तिचे व अभ्र्याचे चार चार समान भाग खुणेने पाडावे, आणि धावदोरा ओढून चुण्या केल्यावर खुणेस खूण जुळवावी. कोपऱ्यांवर चुण्या थोड्या अधिक द्याव्या. बाकी रीत गोटाचीच.

सामानासाठी उपनगरवासीयांस मालाडचे नटराज मार्केट जवळ पडते. कापडात मनसोक्त हिंडावयाचे असेल तर मंगळदास मार्केट, आणि लेस, गोंडे, फिती ह्यांसाठी भुलेश्वर. हे काम मुलींचेच, असे मात्र आमच्या विद्यार्थ्यांनी समजू नये; त्या बाजारांभोवती यंत्रावर बसलेले बहुतेक पुरुषच आढळतात. मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल ह्यांनी स्थापिलेल्या सेवा सदनाने, आणि पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने निघालेल्या सेवा सदनाने शिवणाचे वर्ग चालविले, ते दिवाणखाना सजविण्यासाठी नव्हे. शिवण येणाऱ्या बाईस पोटासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून.

कोणती शोभा निवडावी हे मात्र आमच्या मते पावसाने ठरवावे. ह्या उपनगरांत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खिडकीतील दोरीवर वाळत घातलेली दुपदरी झालर अशा दिवसांत दोन दोन दिवस ओली राहते, तिला कुबट वास येतो आणि चुण्यांच्या मुळाशी बुरशीचे काळे ठिपके पडतात. सपाट काठाचा अभ्रा पंख्याखाली रात्रभरात सुकतो. म्हणून झालर दिवाळी-नाताळास काढावी, व पावसाळ्यात काठ किंवा बारीक गोट असावा. आतील उशी कापसाची अगर शेवरीची असेल, तर ऊन पडेल त्या दिवशी अभ्रा काढून ती उन्हात टाकावी.

आजीच्या काठाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही एकेक टाका ब्लेडने नव्हे, सुईच्या टोकाने उसवला; त्यास दोन संध्याकाळ लागल्या. काठास इजा झाली नाही. आटलेला मांजरपाट इस्त्री करून चौकोनात पुन्हा कापला. तो १६ इंचांच्या उशीस पुरेना, म्हणून १५ इंचांची उशी करविली. काठ पुन्हा शिवताना तिसऱ्या कोपऱ्याची दुमड आम्हांस काही केल्या साधेना, तेव्हा आजीने चष्मा मागविला आणि ती स्वतः घालून दिली. चार कोपऱ्यांपैकी तो कोपरा आजही ओळखू येतो. त्याचे टाके इतरांहून बारीक आहेत.