नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

“नॉमिनेशन केलंय की! आता मृत्युपत्र कशाला?” पुण्यात हे वाक्य सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकू येते, बँकेच्या रांगेत ऐकू येते आणि ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तर रोजच ऐकू येते. बोलणारे शिकलेसवरलेले असतात. हयातभर हिशेब चोख ठेवलेले असतात. आणि नेमके इथेच चुकतात.

गोंधळाचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. फॉर्मवर असते ‘नामनिर्देशन’, पण काउंटरवर विचारतात, “वारस लावलाय का?” तेव्हापासून नॉमिनी आणि वारस एकच, असे घरोघरी पक्के होऊन बसले. कायद्याच्या दृष्टीने हे दोघे वेगळे आहेत. तुमच्या पश्चात बँकेने किंवा सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढेच नॉमिनेशन सांगते. मालक कोण, हे मृत्युपत्र ठरवते आणि ते नसेल तर वारसा कायदा. शेजारच्या काकूंनी तुमचे कुरिअर घेतले म्हणून ते त्यांचे होत नाही, तसेच हे.

उदाहरण घ्या. कोथरूडमधला फ्लॅट, स्वकमाईचा, एकट्या वडिलांच्या नावावर. नॉमिनी मुलगा. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी आणि वडिलांची वृद्ध आई. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश. आजीचे नाव ऐकून बहुतेक जण दचकतात, पण कायदा आईला विसरलेला नाही. नॉमिनी असल्यामुळे मुलाला पाव हिश्शापेक्षा जास्त काही मिळत नाही. तो फ्लॅट विकायला निघाला की गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील इतर तिघांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागतो. तिथे “मी नॉमिनी आहे” हे उत्तर चालत नाही.

“पण सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवले ना?” चढवले असेल. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये आलेले कलम 154ब-13 वाचा. खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

यावर हमखास 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला जातो. तो पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीबाबत होता. सोसायटीने नॉमिनीचे नाव लावावे, असे न्यायालयाने सांगितले, पण त्याच निकालात इतर वारसांना आपल्या हक्कासाठी दाद मागण्याची मोकळीकही ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दुसरा भाग गळाला आणि उरले ते ‘नॉमिनीच मालक’!

शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत काही काळ खरोखरच संभ्रम होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने 2010 मध्ये शेअर्सचा मालक नॉमिनीच, असे म्हटले होते. 2016 मध्ये खंडपीठाने ते चुकीचे ठरवले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते होते ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेबाबत. त्यांनी मृत्युपत्र केले होते, आणि काही गुंतवणुकींना नॉमिनीही लावले होते. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला: कंपनी कायद्यातले नॉमिनेशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. बँकेतल्या ठेवींबाबत हीच भूमिका न्यायालयाने 2010 मध्येच घेतली होती.

अपवाद आयुर्विम्याचा. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर विमा कायदा त्यांना त्या रकमेचे लाभार्थी मानतो. एजंटाचे खरे असते ते इथे. तेच तो एफडीलाही लावतो, तिथे गडबड होते.

आता किरकोळ गैरसमज.

‘मग नॉमिनी लावूच नये.’ अवश्य लावा. नाहीतर बँकेत घरच्यांना कागदांसाठी खेटे घालावे लागतात.

‘नॉमिनी एकच लावता येतो.’ 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत लावता येतात, टक्केवारीसह.

‘पीएफला आईचे नाव आहे, ते चालेल.’ लग्नाआधी दिलेले असेल तर लग्न झाले की ते रद्द ठरते. नवे भरा.

‘मृत्युपत्राला स्टँप पेपर आणि नोंदणी लागतेच.’ दोन्ही सक्तीचे नाहीत. साधा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वाद होण्याची शक्यता असेल तर नोंदणी केलेली बरी.

‘प्रोबेटशिवाय, म्हणजे न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय, मृत्युपत्राला किंमत नाही.’ मुंबईत वर्षानुवर्षे जी सक्ती होती, ती पुण्यात केलेल्या मृत्युपत्राला पुण्यातल्या घरापुरती कधीच नव्हती.

‘मिळकतकराच्या बिलावर नाव आले, म्हणजे घर माझे.’ महापालिका कर कोणाकडून घ्यायचा ते पाहते, मालकीचा निवाडा करत नाही.

‘आमच्या घरात भांडणे नाहीत.’ हा गैरसमज नाही, आशा आहे. तिच्या भरवशावर फ्लॅट ठेवण्यापेक्षा दोन पानांचे मृत्युपत्र लिहा, आणि त्यात ज्याचे नाव घालाल त्यालाच नॉमिनी करा.