परीक्षेनंतरचा अभ्यास

फसवेगिरी करणाऱ्या मनुष्यास 'चारशें वीस' म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे इतका रुळला आहे कीं, हा आंकडा कोणत्या कायद्यांतून आला याचा विचार बोलणाराच्या मनांत सहसा येत नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंतील ठकबाजीचें तें कलम. १ जुलै २०२४ रोजीं ती संहिता जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि ठकबाजीचें कलम ३१८ झालें. खुनाचें ३०२ होतें तें १०३ झालें. त्याच दिवशीं फौजदारी कामाच्या पद्धतीचा १९७३ चा कायदा व १८७२ चा पुराव्याचा कायदा हेही बदलले. बोलीभाषेंत चारशें वीस अजून पुष्कळ वर्षें नांदेल. वकिलास मात्र ती सवलत नाहीं. तीस-तीस वर्षें ज्यांना कलमें तोंडपाठ होतीं, आणि तें पाठांतर हीच ज्यांची मोठी पुंजी होती, अशांनाही पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचावें लागलें. शिवाय जुनें विसरूनही चालत नाहीं. त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यास जुनीच संहिता लागते, आणि असे खटले न्यायालयांत पुष्कळ काळ चालावयाचे. म्हणजे टेबलावर दोन्ही पुस्तकें आलींच.

आपल्या समाजांत शिक्षणाची कल्पना फार दिवस परीक्षेशीं निगडित राहिली आहे. मुलगा पदवीधर झाला, सनद भिंतीवर टांगली, दुकानाची किंवा कचेरीची पाटी लागली, म्हणजे शिकणें संपलें व कमावणें सुरू झालें, अशी घरोघरीं समजूत असते. ही समजूत अगदींच निराधार नव्हे. ज्या काळीं सुताराचा रंधा बापाकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे जात असे, त्या काळीं एकदां शिकलेलें आयुष्यभर पुरत असे. परंतु तो काळ आपण समजतों त्याहून पुष्कळ आधीं संपला. मुंबईच्या छापखान्यांची हकीकत या बाबतींत पाहण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईंत अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना चालू होता व तेथें ख्रिस्ती धर्माचीं मराठी पुस्तकें छापलीं जात. तीं पाहून गणपत कृष्णाजी यांच्या मनांत आलें कीं, आपल्या धर्माचीं पुस्तकें अशीं कां छापूं नयेत? ही विद्या शिकविणारी शाळा त्यांच्यापुढें नव्हती. शिळाछापाची तऱ्हा त्यांनीं पाहून पाहून हस्तगत केली, यंत्र स्वतः जुळविलें, शाई निरनिराळ्या प्रकारांनीं करून पाहिली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्या लोकांचा छापील पोथीवर कटाक्ष असे. त्यावर त्यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. एवढ्यावर ते थांबले असते तरी त्यांचें नांव राहिलें असतें. पण शिळाछापांत जम बसल्यानंतर ते पुन्हां विद्यार्थी झाले व खिळे पाडण्याची कला मुळापासून शिकले. नडलेला मनुष्य शिकतो यांत नवल नाहीं. चालत्या धंद्याच्या मालकानें शिकावें हें नवल.

जावजी दादाजी चौधरी यांची गोष्ट याहून अधिक बोधप्रद आहे. जन्म १८३९ चा, घरची गरिबी, शाळेचें शिक्षण जवळजवळ नाहींच. लहानपणींच ते मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. घासणें म्हणजे ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा साफ करणें. छापखान्यांतील अगदीं खालच्या पायरीचें काम. परंतु तेथें टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखालीं मराठी खिळे तयार होत, आणि घासतां घासतां हा मुलगा तें सारें पाहात राहिला. पुढें निरनिराळ्या ठिकाणीं नोकऱ्या करून १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. जें आपल्याला येत नाहीं तें येणाऱ्या माणसाची पारख त्यांना होती. अक्षरांचे ठसे कोरण्यांत निष्णात असलेले राणूजी रावजी आरू हे त्यांचे सोबती. आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्धतेसाठीं त्यांनीं पंडितांचें साह्य घेतलें. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची कीर्ति विलायतेच्या विद्वानांपर्यंत पोंचली, ती अशा मालकाच्या हातून, ज्याला शाळा फारशी ठाऊक नव्हती.

या खिळ्यांच्या विद्येवर पुढें शंभर वर्षें कितीतरी जुळाऱ्यांचीं घरें चाललीं. नागरींत जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागत. कोणता खिळा कोणत्या खणांत आहे हें जुळाऱ्याच्या बोटांना न पाहतां ठाऊक असे, आणि उलटीं अक्षरें सरळ वाचण्याची त्याच्या डोळ्याला संवय असे. हें अंगीं मुरावयास वर्षें लागत. मग संगणक आला. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेंत भारतीय लिप्या संगणकावर चालविण्याचें मोठें काम झालें, आणि पुढील कांहीं वर्षांत गल्लोगल्लींच्या छापखान्यांतून खिळे मोडींत निघाले. ज्या खिळ्यांनीं तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका छापल्या ते वजनावर, शिशाच्या भावानें गेले.

त्या वेळीं छापखान्यांच्या मालकांनीं दोन वाटा धरल्या. कित्येकांनीं यंत्र घेतलें, तें चालविणारा एक तरुण नेमला व जुन्या जुळाऱ्यास निरोप दिला. यंत्र शिकविण्यास पैसे मोजले, माणूस शिकविण्यास मोजले नाहींत. परिणाम पानांवर दिसूं लागला: ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं, शब्द ओळीच्या शेवटीं वाटेल तेथें तुटलेला, विरामचिन्ह एकटेंच पुढच्या ओळींत जाऊन पडलेलें. दुसऱ्या कांहींनीं जुन्या जुळाऱ्यास त्या पडद्यापुढें खुर्ची दिली व चार-सहा महिने धीर धरला. त्याचीं बोटें प्रथम अडखळलीं. पण ओळ कोठें मोडावी, दोन शब्दांत किती जागा सोडावी, लेखकाची चूक कोणती व आपली कोणती, हें त्याला पूर्वींच येत होतें. बोटांची विद्या गेली, डोळ्याची कामास आली. नवें शिकणाराला जुन्यांतलें काय ठेवावयाचें हेंही शिकावें लागतें, आणि तें शिकविणारें पुस्तक सहसा नसतें.

बरें, संगणक शिकून तरी सुटका झाली काय? त्या वेळचे मराठी टंक ज्याचे त्याचे निराळे होते. एका टंकांत लिहिलेला मजकूर दुसरीकडे पाठविला कीं, त्याचीं रोमन अक्षरांचीं निरर्थक जाळीं होत. युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत नागरीला जागा १८९१ नव्हे, १९९१ सालींच मिळाली होती. तरी आपल्या छापखान्यांनीं ती स्वीकारण्यास पुष्कळ वर्षें घालविलीं, आणि मधल्या काळांत साठविलेलीं पुस्तकें नव्या पद्धतींत आणण्याचें कंटाळवाणें काम अनेकांच्या बोकांडीं बसलें.

छापखान्यांत आळस केला तर पान बिघडतें. वैद्याच्या बाबतींत बिघडते ती रोग्याची प्रकृति. जठरांतील व्रण काळजीनें, तिखटानें व आम्लानें होतात असें डॉक्टरांना फार वर्षें शिकविलें जाई. १९७५ सालच्या परीक्षेंत या उत्तरास पूर्ण गुण मिळाले असते. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं एक जंतु वेगळा काढला व असले बहुतेक व्रण त्याच्यामुळें होतात असें प्रतिपादन केलें. कोणी मनावर घेईना म्हणून १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतःच पिऊन पाहिला व जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. मधल्या वीस वर्षांत ज्याच्या डॉक्टरानें नवें वाचलें नाहीं, तो रोगी आम्लशामक औषधें वर्षानुवर्षें घेत राहिला. ज्याच्यानें वाचलें, तो जंतुनाशकांच्या दोनेक आठवड्यांच्या उपचारानें मोकळा होऊं शकला. असा अभ्यास सक्तीचा करावा म्हणून वैद्यक परिषदांनीं व्याख्यानांना हजर राहण्याचे तास मोजण्याची पद्धत घातली आहे. पद्धत चांगलीच आहे. मात्र जेवणानंतरच्या व्याख्यानांत शेवटच्या रांगेंत मिटलेले डोळेही त्या तासांत मोजले जातात.

व्यापाऱ्याच्या अडचणी थोड्या निराळ्या आहेत. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां अनेक दुकानदारांनीं सगळा हिशेब कर-सल्लागाराकडे सोंपविला आणि आपण गल्ल्यावर बसले. सल्लागार घेण्यांत कांहीं गैर नाहीं. पण खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करांतून वजा होतो, व माल देणाऱ्यानें आपलें पत्रक भरलें नाहीं तर ती वजावट अडते, एवढें ज्याला समजत नाहीं, त्याला माल कोणाकडून घ्यावा हेंही नीट ठरवितां येत नाहीं. यासाठीं पदवी लागत नाहीं. आठवड्यांतून दोन संध्याकाळ लागतात, आणि थोडा मानापमान गिळावा लागतो.

मानापमानाची ही गोष्ट लहान नव्हे. पूर्वीं शिकविणारा वयानें मोठा असे. हल्लीं पुष्कळदां तो घरांतलाच व धाकटा असतो. ज्या गृहस्थानें मुलीला पाढे शिकविले, त्याला तीच आतां भ्रमणध्वनीवरून पत्रक कसें भरावें हें शिकविते. ज्याची पेढी गांवांत नांवाजलेली, त्याला नोकरांसमोर 'हें मला येत नाहीं' असें म्हणणें जड जातें, म्हणून दुकान बंद झाल्यावर, दिवा लावून, शिकवणी चालते. अशा वेळीं 'बाबा, तें बटण नव्हे' असें तिसऱ्यांदां सांगतांना मुलीनें आवाज चढवूं नये, एवढी बाबांची अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. पाढ्यांच्या वेळीं त्यांनीं स्वतः ती पाळली होती कीं नाहीं, तें तिला चांगलें आठवत असेल.