स्टेटस, साक्ष आणि बंद दार

७ जून २०२३ रोजी मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दंगल उसळली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. फोन आता प्रत्येकाच्या हातात आहे. अशा घटनेकडे कायद्याच्या नजरेनं पाहिलं जातंच, पण ख्रिस्ती विचार आणखी आत जातो.

दहा आज्ञांपैकी एक शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याला मनाई करते. न तपासता पुढं ढकललेला संदेश हीसुद्धा साक्षच असते, आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' म्हणून ती जबाबदारी टळत नाही. याकोबाच्या पत्रात तर जिभेला रान पेटवणारी ठिणगी म्हटलं आहे.

खोट्या साक्षीपलीकडचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नका, असं सांगतो. प्रार्थना दार लावून करायची. उपवासाचा फोटो टाकून लाइक मोजत बसणारं मन देवापेक्षा प्रेक्षकांकडे वळतं. मला हा धोका अफवांहून गंभीर वाटतो, कारण तो भक्तीच्याच वेशात येतो.

मे २०२३ मध्ये व्हॅटिकननं समाजमाध्यमांवर एक चिंतनपत्र काढलं. त्यात वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताच्या आधारे एक प्रश्न आहे: पडद्यावर दिसणारा जखमी माणूस आपला शेजारी ठरतो का?

भांडणाबाबत मत्तयाचा अठरावा अध्याय क्रमच देतो. आधी चुकलेल्याशी एकांतात बोला, मग एक-दोघांना सोबत घ्या, आणि मंडळीसमोर अगदी शेवटी. ग्रुपवर सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होते.