व्हिन्यू व्हेर्द
वायव्य पोर्तुगालमधील मिन्यू व त्यालगतच्या प्रदेशांत होणारे, कमी अल्कोहॉल व अधिक अम्लता असलेले द्राक्षमद्य. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवे मद्य’ असा असला, तरी तो रंगाचा निदर्शक नाही. प्रदेशाची हिरवाई किंवा मद्याचा कोवळेपणा, अशा दोन प्रकारे या नावाची उपपत्ती दिली जाते. तांबडे व गुलाबी प्रकारही होतात. तथापि परदेशांत पांढरा प्रकारच अधिक परिचित आहे. या मद्याचा प्रदेश १९०८ मध्ये कायद्याने निश्चित करण्यात आला.

अटलांटिक महासागरावरून येणारे ओलसर वारे, विपुल पाऊस व ग्रॅनाइटी जमीन यांमुळे येथील द्राक्षांत साखर कमी व अम्ल अधिक राहते. लहान शेतांतील जमीन मक्यासारख्या अन्नधान्यासाठी लागत असल्याने वेली बांधावरील झाडांवर किंवा उंच मांडवावर चढवीत. उंचीमुळे बुरशीचा उपद्रव कमी होई. पण फळे सावकाश व अपुरी पिकत. आता बहुतेक ठिकाणी तारांवर वाढविलेल्या बागा आहेत. लोरैरू, अल्व्हारिन्यू, अरिंतू, त्राजादूरा, अव्हेसू व अझाल या पांढऱ्या मद्याच्या प्रमुख जाती होत.

पूर्वी मद्य लवकर बाटलीत भरीत. बाटलीत जंतूंच्या क्रियेने मॅलिक अम्लाचे लॅक्टिक अम्लात रूपांतर होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होई व जिभेला किंचित चुणचुण जाणवे. या क्रियेने मद्य गढूळ होत असल्याने उत्पादक आता ती टाळतात व भरणीच्या वेळी थोडा वायू मिसळतात. काही मद्ये वायुविरहितही असतात. अल्कोहॉलचे प्रमाण सामान्यतः ९ ते ११.५ टक्के असते. अल्व्हारिन्यूपासून केलेली मद्ये याहून तीव्र असून ती काही वर्षे टिकतात. इतर बहुतेक मद्ये एक-दोन वर्षांत, ८° ते १०° से. तापमानाला थंड करून प्यावयाची असतात.

जेवणात या मद्याची अम्लता लिंबाच्या फोडीचे काम करते : तेलकटपणा कापते व माशाचा वास सौम्य करते. त्यामुळे भाजलेले सार्डिन मासे, शिंपले आणि खारविलेल्या कॉड माशाचे तळलेले गोळे यांबरोबर ते पोर्तुगालमध्ये घेतात. याच न्यायाने कोकण-गोव्यातील तळलेली सुरमई, बोंबील व तिसऱ्या यांच्याशी ते जुळते. अल्कोहॉलमुळे मिरचीचा दाह वाढतो. म्हणून बेताच्या तिखट पदार्थांना हलके मद्य बरे. मात्र काळ्या मसाल्याचा मटणरस्सा किंवा ठेचा यांपुढे त्याचा नाजूक स्वाद लोपतो.

गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली होता व त्या संबंधाची खूण तेथील स्वयंपाकात राहिली आहे. पोर्तुगीजांच्या मद्य व लसूण यांत मांस मुरविण्याच्या पद्धतीतून ‘विंदालू’ हा पदार्थ आला. परंतु गोव्यात मद्याची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या शिरक्याने घेतली. पेय बदलले, तरी आंबटपणाची गरज कायम राहिली.

महाराष्ट्रातील परिस्थिती मिन्यूच्या उलट आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या द्राक्ष पिकविणाऱ्या जिल्ह्यांत ऊन मुबलक असल्याने साखर सहज भरते. पण उष्णतेने मॅलिक अम्ल झपाट्याने घटते. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर मद्यासाठीच्या शेनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या जातींच्या लागवडीस चालना मिळाली. त्यांपासून ताजे, हलके मद्य करावयाचे, तर फळ अम्ल टिकून असतानाच, शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडावे लागते व किण्वन कमी तापमानाला करावे लागते. मिन्यूच्या शेतकऱ्याला जी अम्लता हवामानामुळे आपोआप लाभते व एके काळी उणीव वाटे, ती दख्खनच्या बागाईतदाराला कष्टाने राखावी लागते.