सुयांच्या पितळी डब्या आणि धारवाडची कसुती

काळ : व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द, १८३७ ते १९०१. संग्राहकांच्या आवडत्या डब्या बहुतेक १८६८ नंतरच्या.

गाव : इंग्लंडमधलं रेडिच. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुतांश सुया याच परिसरात बनत. डब्यांसाठी सर्वांत नावाजलेलं नाव डब्ल्यू. एव्हरी अँड सन.

घाट : सपाट डबीत चार कप्पे, ६ ते ९ क्रमांकाच्या सुया वेगवेगळ्या. इतर डब्या फुलपाखराच्या, ढकलगाडीच्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकारात. ‘क्लिओपात्राची सुई’ हा इजिप्शियन स्तंभ १८७८मध्ये लंडनला उभा राहिला; त्याचीही डबी निघाली. काहींना राजकन्यांची नावं : लुईझ, बिअट्रिस.

इकडे धारवाडात : सुईचं वैभव डबीपेक्षा इरकल साडीच्या पदरावर. कसुती या भरतकामात नक्षी आधी छापत नाहीत. कापडाचे धागे मोजत टाका पडतो. टाके चार :
- गवंती : धावदोरा घालून परतताना मधल्या जागा भरतात, दोन्ही बाजू सारख्या.
- मुर्गी : पायऱ्यांसारखा नागमोडी.
- नेयगी : विणकामाचा भास.
- मेंथी : फुलीचा टाका.

नक्षीत गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कसुतीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.